आधी मेहर, मग मेन्यू

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की मुस्लिम घरांत इफ्तारच्या दस्तरखानावर हळूच लग्नाचा विषय निघतो. रमजानमध्ये सहसा लग्नं होत नाहीत. दिवस रोज्यात जातो, रात्र तरावीहच्या नमाजेत. ईदचा चंद्र दिसला की शव्वाल महिना सुरू होतो आणि महिनाभर थांबलेली लग्नं एकदम रांगेत उभी राहतात. इस्लामपूर्व अरबस्तानात हाच शव्वाल लग्नासाठी अशुभ मानत असत. प्रेषित मुहंमद (स.) यांचा हजरत आयेशा यांच्याशी विवाह याच महिन्यात झाला आणि त्या समजुतीला धक्का बसला. समजुती मात्र चिवट असतात, एक दार बंद झालं की दुसऱ्याने आत येतात. शव्वालनंतरच्या जिल्कदला आजही कित्येक घरांत ‘खाली का महिना’ म्हणतात आणि त्यात लग्न टाळतात. त्यामुळे सगळी गर्दी शव्वालच्या एकोणतीस-तीस दिवसांत होते. शेजारच्या घरात पंचांग उघडून मुहूर्त आणि अधिक मास पाहिला जातो, या घरात चंद्राचा हिशेब चालतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही घरांना हॉल हवा असतो तो एकच.

खारघरमध्ये ही चढाओढ चांगलीच जाणवते. तळोजा-पनवेल पट्ट्यातली जुनी कोकणी मुस्लिम घरं इथून हाकेच्या अंतरावर आहेत. मुंबईच्या दाटीतून, मराठवाड्यातून, उत्तर भारतातून आलेली कुटुंबं सेक्टरांमधल्या इमारतींत राहतात. रीतिरिवाज वेगळे, जेवणाची चव वेगळी, पण लग्न ठरल्यावर पहिला फोन सगळ्यांचा सारखाच असतो. तो हॉलवाल्याला जातो. तारीख हातची जाईल या धास्तीने आधी बयाणा दिला जातो. मग हॉलमध्ये माणसं किती मावतात ते पाहून यादी वाढते, यादीवरून देगांचा आकडा ठरतो, देगांवरून खर्च, खर्चावरून कर्ज. आणि लग्नाला आठ दिवस उरले असताना, कधी तर निकाहच्या दिवशीच, कोणी तरी विचारतं, “मेहर किती लिहायचा?” पलीकडून उत्तर येतं, “तुमच्याकडे जे चालतं ते लिहा.” दोन मिनिटांत तो विषय संपतो. बिर्याणी चिकनची की मटणाची, यावर त्याच घरात दोन आठवडे चर्चा झालेली असते.

लग्नाचं नियोजन बिघडतं ते इथे. गोष्टी विसरल्या म्हणून नव्हे, त्यांचा क्रम उलटा लागला म्हणून.

मेहर म्हणजे काय, हे सर्वच वाचकांना माहीत असेल असं नाही. निकाह हा करार आहे आणि त्या करारात वराने वधूला द्यायची रक्कम किंवा वस्तू म्हणजे मेहर. ती वधूच्या वडिलांची नसते, सासरचीही नसते, फक्त तिची असते. हुंडा मुलीकडून मुलाकडे जातो, मेहर मुलाकडून मुलीकडे येतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानेही मेहरला हुंड्याच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलं आहे. हॉल, शेरवानी, सांचक, मेहंदी, फुलांची गाडी यांपैकी एकही गोष्ट नसली तरी निकाह होतो. दोघांची संमती, साक्षीदार आणि मेहर मात्र त्यात असावाच लागतो. म्हणजे लग्नाच्या सगळ्या आकड्यांत धर्माने मागितलेला आकडा हा एकच, आणि सर्वांत कमी विचार होतो तोही त्याचाच.

रमजान हा नियतीचा महिना आहे. मराठीत नियती म्हणजे प्राक्तन. उर्दूतली नियत वेगळी. मनाशी केलेला निश्चय, हेतू, असा तिचा अर्थ. नुसतं उपाशी राहिल्याने रोजा होत नाही, नियत करावी लागते. आज कोणता रोजा, कशासाठी, हे सहरीच्या वेळी मनात स्पष्ट असावं लागतं. हल्ली व्यवस्थापनाच्या वर्गात उद्दिष्ट कसं असावं हे शिकवतात. ते नेमकं असावं, मोजता यावं, त्याला मुदत असावी. रोज्यात हे सगळं आहे. सुरुवात पहाटे, शेवट मगरिबला, मिनिटांपर्यंत छापलेलं वेळापत्रक प्रत्येक घराच्या भिंतीवर. पण वर्गात जे फारसं सांगत नाहीत तेही त्यात आहे. रोज्याचं निम्मं उद्दिष्ट नकारात असतं. काय करायचं नाही, हे त्यात आधी ठरतं. लग्नाच्या वहीत मात्र करायच्या गोष्टींची पानंच्या पानं भरलेली असतात आणि न करायच्या गोष्टींसाठी एक ओळही नसते.

‘लग्न छान व्हावं’ ही इच्छा आहे, उद्दिष्ट नव्हे. ‘कोणाला नाव ठेवायला जागा राहू नये’ हेही उद्दिष्ट नाही, कारण ते पुरं झालं की नाही हे कधीच कळणार नाही. नाव ठेवणाऱ्याला जागा लागत नाही. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हो किंवा नाही असं ज्याचं उत्तर देता येईल, तेच उद्दिष्ट. मेहरची ठरलेली रक्कम वधूच्या हातात पडली का? लग्नासाठी व्याजाने पैसे घेतले का? नव्या जोडप्याच्या भाड्याच्या घराची अनामत बाजूला आहे का? गावाहून आलेल्या फुफीला झोपायला जागा मिळाली का? अशा पाच-सहा ओळी लिहिल्या की हॉलचा प्रश्न आपोआप लहान होतो.

एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, खारघरच्या एखाद्या सेक्टरमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटात राहणारं घर आहे. वडील निवृत्तीला आलेले, मुलगा खासगी नोकरीत, पगार महिना ४५ हजार. यादी सहाशे माणसांची झाली. ताटाला ७०० रुपये धरले तरी नुसत्या जेवणाचे ४ लाख २० हजार होतात. हॉल, मंडप, कपडे, दागिने धरून पाच लाख कमी पडतात म्हणून मुलगा वैयक्तिक कर्ज काढतो. व्याज १२ टक्के आणि मुदत तीन वर्षं धरली तर हप्ता महिना सुमारे १६,६०० रुपये येतो, आणि फेड होईपर्यंत व्याजाचेच जवळजवळ ९८ हजार जातात. म्हणजे संसाराची पहिली तीन वर्षं पगाराचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा बिर्याणी फेडण्यात जाणार. ऋण काढून सण करू नये असं मराठीत म्हणतात. इथे त्याहून अवघड गोष्ट आहे. व्याज घेणं आणि देणं ज्या धर्मात निषिद्ध, त्याच धर्माची सुन्नत म्हणून करायचा समारंभ व्याजावर उभा राहतो, आणि निकाहच्या खुतब्याच्या वेळी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या कोणालाही त्यात विसंगती दिसत नाही.

आता हाच हिशेब उलट क्रमाने. आधी मेहर ठरला. मग घराच्या अनामतीची रक्कम बाजूला काढली. मग ‘कर्ज नाही’ ही ओळ वहीत लिहिली. उरलेल्या पैशांत माणसं बसली अडीचशे. त्याच दराने जेवणाचे १ लाख ७५ हजार होतात, म्हणजे सहाशेच्या यादीपेक्षा २ लाख ४५ हजार कमी. अडीचशे माणसांना हॉल लागतोच असं नाही. निकाह मशिदीत असरच्या नमाजेनंतर अर्ध्या तासात होतो, वलीम्यासाठी लहान जागा चालते. हॉलवाल्याला फोन करावा लागलाच, तर तो यादीतला शेवटचा फोन असतो. खुद्द खारघर वसवतानाही लोक किती राहतील याचा अंदाज आधी बांधला गेला, रस्त्याची रुंदी आणि पाण्याची टाकी त्यावरून ठरली. टाकी आधी बांधून तिच्या मापाने माणसं गोळा करत सुटलं तर त्याला नियोजन कोण म्हणेल?

पण लग्न म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, हा आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. वडिलांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या दावतींत जेवण केलेलं असतं. महाडला, श्रीवर्धनला, परभणीला, लातूरला त्यांचं देणं असतं, आणि ते पैशांत फिटत नाही. ज्या मामूंनी शाळेची फी भरली त्यांच्या पाच मुलांना ‘आम्ही साधं लग्न करतोय’ असं सांगून टाळलं, तर त्या साधेपणाची किंमत कोणी मोजली? साधेपणाचा उपदेश बहुधा पोट भरलेलेच करतात. शिवाय हल्ली साधेपणाचीही फॅशन आली आहे. कर्जतकडच्या रिसॉर्टमध्ये पन्नास निवडक पाहुणे, पांढरी फुलं, ड्रोनचं चित्रीकरण, आणि खर्च गावच्या आठशे पानांच्या दावतीपेक्षा जास्त. लहान लग्न म्हणजे साधं लग्न नव्हे.

म्हणून प्रश्न नुसता किती माणसं असा नाही, कोणती माणसं असाही आहे. ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावलं जातं आणि गरिबांना वगळलं जातं, तो जेवणांत सर्वांत वाईट, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. यादी कापायची वेळ आली की घरोघरी नेमकं याच्या उलट होतं. ऑफिसातले साहेब राहतात, बिल्डर राहतो, नगरसेवक राहतो, गावाकडचे चुलते कापले जातात. कारण चुलते समजून घेतात. समजून घेणाऱ्यांनाच दर वेळी समजून घ्यायला लावणं हा यादीचा अलिखित नियम झाला आहे. अडीचशेच्या यादीचं उद्दिष्ट लिहायचं तर असं लिहावं लागेल : रक्ताचं आणि उपकाराचं नातं आधी, कामाचं नातं नंतर.

यादीच्या बाबतीत मदिनेतला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ मक्केहून रिकाम्या हाताने मदिनेला आले. तिथल्या बाजाराचा रस्ता विचारून त्यांनी चीज-तुपाचा व्यापार सुरू केला आणि लवकरच स्वतःच्या पायावर उभे राहिले. एके दिवशी त्यांच्या अंगावर पिवळसर सुगंधी रंगाची खूण दिसली तेव्हा प्रेषितांनी विचारपूस केली. लग्न झाल्याचं तेव्हा कळलं. लग्नाला खुद्द प्रेषितांना आमंत्रण नव्हतं, आणि त्याचा कोणाला राग आला नाही. प्रेषितांनी विचारलं ते मेहरबद्दल. खजुराच्या बीएवढं सोनं दिल्याचं उत्तर मिळालं. त्यावर आशीर्वाद मिळाला आणि वलीमा कर, एका बकरीचा का होईना, असा सल्लाही मिळाला. या छोट्या प्रसंगातला क्रम पाहावा. आधी मेहरची चौकशी, मग जेवणाची. आज हीच गोष्ट वलीम्याच्या दावतीत मोठ्या भक्तिभावाने सांगितली जाते, हातात तिसरी प्लेट असताना.

मेहरच्या आकड्याकडे परत यायला हवं, कारण खरी जोखीम तिथे आहे आणि ती एकट्या मुलीची आहे.

मेहर दोन प्रकारचा. निकाहच्या वेळी लगेच द्यायचा तो मुअज्जल, नंतर द्यायचा तो मुवज्जल. मराठी कानाला दोन्ही शब्द सारखेच वाटतात, उर्दू घरातल्या तरुणांनाही वाटतात, आणि त्या गोंधळात ‘नंतर’ म्हणजे ‘कधीच नाही’ असा अर्थ रूढ झाला आहे. वास्तविक न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज असतं. तो वारला तर वारसांत वाटणी होण्याआधी ते फेडावं लागतं. प्रत्यक्षात काय होतं, ते घराघरांतल्या बायकांना ठाऊक आहे. पहिल्याच रात्री मेहर माफ करून घेतला जातो. नाही तर चाळीस वर्षांनी, मय्यत दारात असताना, कोणी वडीलधारी बाई विधवेच्या कानाशी येऊन ‘मेहर माफ केला म्हण’ असं सांगते. त्या क्षणी नाही म्हणणारी बाई कुठून आणायची?

रकमेचीही कथा आहे. काही घरांत ७८६ रुपयांसारखा शुभ मानलेला आकडा लिहून टाकतात. काही घरांत याच्या उलट प्रतिष्ठेपायी एवढा मोठा आकडा लिहितात की तो द्यायचा विचार लिहिणाऱ्याच्या मनात कधीच नसतो. दोन्हींत नियत खोटी. मध्यम मार्ग आहे, आणि जुना आहे. कित्येक घरं ‘मेहर-ए-फातिमी’ धरतात. प्रेषितांची कन्या हजरत फातिमा यांच्या मेहरवरून आलेलं हे माप, पाचशे दिरहम, म्हणजे साधारण १५३० ग्रॅम चांदी. तो मेहर देण्यासाठी हजरत अली यांनी आपलं चिलखत विकलं, असं परंपरा सांगते. लढवय्याने चिलखत विकणं म्हणजे आजच्या भाषेत नोकरीचं साधन विकणं. चांदीच्या किंवा सोन्याच्या वजनात मेहर ठरवण्याचा व्यावहारिक फायदाही मोठा आहे. १९९५ च्या सुमारास पाच हजार रुपयांत साधारण एक तोळा सोनं येत असे, आज त्या रकमेत एक ग्रॅमही येत नाही. त्या काळी ज्या मुलीचा पाच हजारांचा मेहर ‘नंतर’वर टाकला गेला, तिचं तोळाभर सोनं महागाईने खाऊन टाकलं आणि कोणाला चोरही म्हणता येत नाही.

खारघरमध्ये आणखी एक बारकावा आहे. कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई पंथाचे आणि दख्खन-उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी. हनफी मतात मेहरची किमान मर्यादा दहा दिरहम आहे, शाफई मतात किमान मर्यादा नाही. एकाच इमारतीत दोन्ही पंथांची घरं असतात आणि आता त्यांच्यात सोयरिकीही होतात. अशा वेळी “तुमच्याकडे जे चालतं ते” हे उत्तर पुरत नाही. बसून बोलावंच लागतं.

आणि त्या बैठकीत मुलगी हवी. निकाहच्या दिवशी वकील आणि दोन गवाह तिच्याकडे जातात, मेहरची रक्कम सांगून तिची कबुली घेतात. कित्येक मुली तो आकडा त्याच वेळी पहिल्यांदा ऐकतात. शंभर बायका भोवती बसलेल्या, डोक्यावर जड दुपट्टा, बाहेर काझी घड्याळ पाहत थांबलेला. याला विचारणं म्हणत नाहीत. इस्लामी इतिहासात सांगितला जाणारा एक किस्सा इथे आठवतो. खलिफा हजरत उमर यांनी मेहरच्या मोठ्या रकमांना मर्यादा घालायचं मनात आणलं, तेव्हा एका स्त्रीने भर सभेत कुरआनचा दाखला देऊन त्यांना अडवलं आणि खलिफांनी आपला विचार मागे घेतला. खलिफाला अडवणाऱ्या त्या स्त्रीच्या लेकी-सुनांना आज स्वतःच्या मेहरच्या बैठकीत चहाचा ट्रे घेऊन यायची तेवढी परवानगी असते.

मुलीला खरोखर विचारलं तर ती काय सांगेल, हे महाविद्यालयाच्या वर्गात कळतं. ती बहुधा लेहंग्याचा रंग सांगत नाही. शेवटचं सेमिस्टर पूर्ण करायचंय, बी.एड.ला बसायचंय, नोकरी सोडायची नाही, सासर लांब असलं तरी लोकलने जाईन-येईन. लग्नाची तारीख धरताना खालाजान, काझी, हॉल, केटरर, दुबईहून येणारा भाऊ या सगळ्यांची सोय पाहिली जाते. परीक्षेचं वेळापत्रक कोणी पाहत नाही. यंदा शव्वाल आणि उन्हाळी परीक्षा पाठोपाठ येतात. हातावरची मेहंदी पुसली गेली नसताना पेपर लिहिणाऱ्या मुली दर वर्षी दिसतात. त्याहून अधिक संख्या पेपरला न आलेल्या मुलींची असते, फक्त त्या दिसत नाहीत. तारीख तीन आठवड्यांनी पुढे गेली तर कोणाचंही फारसं बिघडत नाही. ‘खाली का महिना’ लागेल एवढंच, आणि त्याला धर्मात आधार नाही.

निकाहनाम्यात अटी लिहिता येतात, हे फार कमी घरांना माहीत असतं. शिक्षण, नोकरी, राहण्याची सोय, अशा वाजवी गोष्टी दोन्ही बाजूंनी मान्य करून त्यात नोंदवता येतात. नवऱ्याकडून लग्नाच्या वेळीच शब्द घेणं हे उद्धटपणाचं लक्षण वाटतं काही जणांना. महाराष्ट्राला तर याची सवय असायला हवी. सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. पुरोहित नव्हता, डामडौल नव्हता आणि सावित्रीबाई फुले यांचा त्यात पुढाकार होता. जोतीराव फुल्यांनी पुढे ज्या मंगलाष्टका रचल्या त्यांत वधू गप्प बसत नाही. स्त्रियांचे हक्क देण्याची शपथ ती वराकडून मागते, आणि ती मिळाल्यावर पुढचं होतं. त्या लग्नांची आठवण हल्ली ‘कमी खर्चाचं लग्न’ एवढ्यावरच संपते. खर्च कमी झाला हे खरं, पण तो मागून आला. आधी हे लग्न कशासाठी, दोघांचा एकमेकांशी करार कोणता, हे ठरलं होतं. एवढं ठरल्यावर भटजी, वाजंत्री आणि पंगती किती हव्यात याचं उत्तर सोपं झालं. नुसता खर्च कमी करायला बसलेलं घर मात्र शेवटी आइस्क्रीम काढतं आणि हप्ता तसाच ठेवतं.

रोज्याला सवलत आहे, हेही विसरता कामा नये. आजारी माणसाने, प्रवाशाने तो नंतर भरून काढावा. त्याला कजा म्हणतात. रोजा चुकला म्हणून रमजान मोडत नाही. लग्नाच्या वहीत असा कजाचा एक रकाना ठेवता येईल. सोन्याचा दुसरा सेट, फ्रिज, एसी, फिरायला जाणं, मुलाच्या मित्रांची वेगळी पार्टी. यांतलं काहीही सहा महिन्यांनी, वर्षाने करता येतं. लग्नात झालं नाही तर कधीच होणार नाही, ही भीती दुकानदाराच्या फायद्याची आहे. मेहर, अनामत आणि परीक्षा मात्र या रकान्यात ढकलता येत नाहीत, हौसेचं सगळं ढकलता येतं. बहुतेक घरांत नेमकं उलट ढकललं जातं.

वेळ हाही उद्दिष्टाचाच भाग आहे, आणि खारघरला तो निष्काळजीपणा परवडणारा नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी इथल्याच मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी चौदा जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या आकड्यापुढे लग्नाच्या मंडपाचं उदाहरण किरकोळ वाटेल, पण एप्रिल-मेमधली दुपार पाहुणा आणि भाविक असा भेद करत नाही. पत्रिकेवर दुपारी एकची वेळ, वरात येते तीनला, पत्र्याच्या शेडखाली म्हातारी माणसं रुमालाने वारा घेत बसलेली. उलट रात्रीच्या दावतीत आठची वेळ देऊन अकराला वाढायला घेतात, तोवर दहाच्या पुढे लाऊडस्पीकर चालू ठेवणं कायद्याने बंद झालेलं असतं आणि दीड वर्षाची बाळं खुर्चीत झोपलेली असतात. जो समाज महिनाभर मगरिबच्या अजानीला एक मिनिटही इकडेतिकडे होऊ देत नाही, त्याला पंधरा दिवसांनी दोन तासांचा उशीर कसा चालतो, हे कोडंच आहे.

बैठक कधी घ्यायची, तर ईदच्या आधी. दोन्ही घरांनी एक इफ्तार एकत्र करावा, खजूर, फळं आणि सरबतावर. मुलगा-मुलगी दोघंही दस्तरखानावर असावीत. रमजानमध्ये माणसं थोडी नरम असतात, आवाज चढवायला कचरतात, आणि मगरिब ते इशा यांत मोजकाच वेळ असतो, त्यामुळे पाल्हाळही लागत नाही. वहीच्या पहिल्या पानावर मेहरची रक्कम किंवा वजन, त्यातला लगेच द्यायचा हिस्सा आणि राहिलेल्याची तारीख. त्याखाली कर्जाची मर्यादा, शक्यतो शून्य. त्याखाली मुलीच्या परीक्षेच्या तारखा. प्रत्येक ओळीपुढे कोण करणार त्याचं नाव, कारण ‘बघू या’ या नावाचा माणूस कोणत्याच घरात राहत नाही. हॉल पाचव्या-सहाव्या पानावर येईल.

एक ओळ वलीम्यानंतरचीही असावी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते. वधू-वर आणि तीन साक्षीदारांना निबंधकापुढे जावं लागतं. खारघर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे, त्यामुळे त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या फाइलमध्ये हवी, सासूच्या कपाटात नव्हे. पुढे पासपोर्ट काढताना, बँकेत नाव बदलताना किंवा आणखी कुठल्या अवघड दिवशी तिला ती कोणाकडे मागावी लागू नये. मेहरचा आकडा त्याच कागदावर असतो.